तळ्याकाठच्या गावात दोघांचे दोन दिवस: निवडीपासून परतीपर्यंत

आमची तळ्याकाठची पहिली सहल साफ फसली होती. शनिवारी भर दुपारी गावात पोहोचलो. उन्हाने पाणी पांढरंफटक झालेलं, वारा भणाणत होता आणि काठावर होडीसाठी ही मोठी रांग. आम्हीही रांगेत लागलो, होडीत बसलो, डोळे किलकिले करून फोटो काढले आणि दमून खोलीवर येऊन आडवे झालो. जाग आली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. रविवारी नऊला उठून, आवरून, अकराला निघालो. पैसे चुकते करताना काउंटरमागच्या भिंतीवर एक फोटो दिसला. पाण्यात उलटा डोंगर आणि त्याच्या कमरेला धुक्याची एक पट्टी. "हे कुठलं हो?" नवऱ्याने विचारलं. मालक म्हणाले, "इथलंच. तुमच्या खिडकीसमोरचं. पहाटे सहाचं."

परत येताना गाडीत आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

पुढे बरीच तळी पाहिली आणि कळलं की तळ्याला स्वतःचं घड्याळ असतं. उजाडतानाचे दोन तास आणि मावळतीचे दोन तास एवढीच त्याची खरी वेळ. आपण मात्र नेमके तेव्हा झोपलेले, प्रवासात किंवा जेवणाच्या टेबलावर असतो. त्यामुळे गाव निवडण्यापासून परत निघण्यापर्यंत सगळी आखणी त्या चार तासांभोवती करायची. बाकी तपशील त्यानुसार ठरत जातात.

पायरी पहिली: गाव निवडणं

फोटो बघून गाव निवडू नका, नकाशा बघून निवडा. फोटो कोणत्याही तळ्याचा छानच येतो.

पहिलं बघायचं ते रस्ता. मोठा रस्ता गावातून पुढे आणखी कुठे जात असेल, तर रात्रभर गाड्यांचे आवाज येणार. रस्ता जिथे संपतो किंवा निदान अरुंद होऊन जिथे रेंगाळतो, ते गाव शांत. दुसरं म्हणजे अंतर. दोनच दिवस हातात असताना दारापासून दारापर्यंत चार तासांच्या वर जाऊ नये असं माझं मत. नकाशावरचं ॲप डोंगरातल्या वळणांना नेहमीच कमी लेखतं, म्हणून ते दाखवेल त्यात पाव हिस्सा वेळ वाढवून धरा.

मग सॅटेलाइट व्ह्यू उघडा. पाण्याभोवती मातीचा उघडा, तपकिरी पट्टा दिसला तर ते धरणाचं पाणी. त्यात वाईट काही नाही, जगातली कित्येक देखणी तळी माणसाने अडवलेलीच आहेत. फक्त त्यांची पातळी वर्षभर हलत असते. पावसाळा सरताना किंवा बर्फ वितळल्यावर ती काठोकाठ असतात. पुढचा पाऊस यायच्या आधीच्या महिन्यांत मात्र पाणी इतकं मागे सरतं, की 'काठावरच्या' खोलीसमोर अर्धा किलोमीटर चिखल असतो. नैसर्गिक तळ्यात हा फरक सहसा कमी असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जे कुणीच बघत नाही: डोंगर कोणत्या दिशेला आहे? गावाच्या पाठीशी पश्चिमेला उंच कडा असेल तर सूर्य पंचांगातल्या वेळेच्या कितीतरी आधी त्याच्याआड जातो. ऑस्ट्रियातलं हालश्टाट गाव तळ्याच्या पश्चिम काठावर, थेट डोंगराच्या पायथ्याशी चिकटून आहे. तिथे संध्याकाळ लवकर होते, पण सकाळचं ऊन समोरून येतं. उलट इटलीच्या कोमो तळ्यावरचं वारेन्ना पूर्व काठावर आहे, त्यामुळे तिथून मावळतीचा उजेड पाण्यापलीकडे दिसतो. दोघंही उशिरा उठणारे असाल तर पश्चिमेकडे तोंड असलेलं गाव घ्या. पहाटे उठणारे असाल तर पूर्वेकडे तोंड असलेलं. लग्नाच्या पत्रिका जुळवताना जेवढी चौकशी होते, तेवढी इथे करायला हरकत नाही.

नावाजलेल्या गावांबद्दल एक शब्द. हालश्टाटची वस्ती सुमारे ७५०, आणि गर्दीच्या दिवसांत तिथे १०,००० पर्यंत माणसं येतात. २०२३ मध्ये तिथल्या रहिवाशांनी या गर्दीविरुद्ध निदर्शनंही केली. तरी अशा गावाचा एक गुण असतो. बहुतेक पाहुणे दिवसापुरते आलेले असतात, संध्याकाळी बस भरून निघून जातात. रात्री मुक्काम करणाऱ्याला पहाटेचं गाव जवळजवळ रिकामं मिळतं. म्हणून प्रसिद्ध गाव टाळणं जमत नसेल तर निदान तिथे दुपारी फिरू नका. आणि निवड करता येत असेल तर त्याच तळ्याचा दुसरा, बिनानावाचा काठ बघा. दुरून डोंगर साजरे म्हणतात तसं नावाजलेलं गावही समोरच्या काठावरूनच जास्त छान दिसतं.

पायरी दुसरी: तारीख

तारीख ठरवताना रजेच्या यादीबरोबर चंद्राची तिथीही बघा. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. डोंगराआडून वर यायला त्याला आणखी थोडा वेळ लागतो, पण आल्यावर पाण्यावर उजेडाची वाट पडते. पुढे रोज तो सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे पौर्णिमेनंतर पाच-सहा दिवसांनी गेलात तर मध्यरात्रीपर्यंत त्याचा पत्ता नसतो. तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. चांदणं आणि आकाशगंगा एकाच रात्री मिळत नाहीत, तेव्हा काय हवं ते दोघांनी आधी ठरवा. आमच्यात यावरून एकदा चांगलीच जुंपली होती, म्हणून सांगते.

धुकं हवं असेल तर निरभ्र, वारा पडलेल्या, थंड रात्री लागतात. अशा रात्री उतारांवरची गार, जड हवा घरंगळत दरीत साचते. पाणी मात्र दिवसभराची ऊब धरून असतं. त्या उबदार पाण्यावरची वाफ गार हवेत बारीक थेंबांत बदलते आणि पहाटे तळं धुमसताना दिसतं. ढगाळ रात्री हे सहसा होत नाही, कारण ढग जमिनीची ऊब निसटू देत नाहीत. त्यामुळे हवामानाच्या अंदाजात फक्त पावसाचा आकडा न बघता रात्रीचे ढग आणि वाऱ्याचा वेगही बघा.

शनिवार-रविवारऐवजी रविवार-सोमवार जमला तर सोन्याहून पिवळं. रविवारी दुपारी गाव रिकामं होत असताना तुम्ही पोहोचता.

पायरी तिसरी: खोली, आणि फोनवर विचारायचे प्रश्न

ऑनलाइन बुकिंग करा, पण त्याआधी एकदा फोन करा. 'लेक व्ह्यू' या शब्दाचा अर्थ फार लवचीक असतो. मी एकदा अशा खोलीत राहिले आहे, जिथे न्हाणीघराच्या झरोक्यातून टाचा उंचावल्या की पाणी दिसायचं. आता मी सरळ विचारते: पलंगावर बसून पाणी दिसतं का? मध्ये झाड, भिंत, पार्किंग आहे का? खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला?

त्याच फोनवर आणखी विचारा: त्या दोन दिवसांत तिथे लग्न, वाढदिवस किंवा मोठा ग्रुप आहे का? जनरेटर आणि स्वयंपाकघर खोलीपासून किती लांब? गरम पाणी कोणत्या वेळात? रात्रीचं जेवण किती वाजता बंद होतं? शेवटचे दोन किलोमीटर रस्ता कसा? पहाटे सहाच्या आधी फाटक उघडं असतं का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण कुलूपबंद फाटकाच्या आत उभं राहून मी एक अख्खा सूर्योदय घालवला आहे. दोघांची ओळखपत्रं कोणती लागतात आणि पाहुण्यांबाबत काही नियम आहेत का, हेही आधीच विचारलेलं बरं. दारात उभं राहून ती चर्चा करण्याइतकं अरसिक दुसरं काही नाही.

आवाजाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. रात्री पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असेल तर वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि पाण्यावरून फार लांबपर्यंत पोहोचतो. म्हणून पलीकडच्या काठावर लाउडस्पीकर लावणारं रिसॉर्ट असेल तर तुमची शांतता त्यांच्या हातात. नकाशावर समोरचा काठही तपासा. हाच नियम उलटाही लागू पडतो, रात्री काठावर बसून तुम्ही जे कुजबुजाल ते वाटतं त्यापेक्षा लांब ऐकू जातं.

पायरी चौथी: सामान आणि वाट

उंची वाढेल तशी हवा गार होते, ढोबळमानाने दर १,००० मीटरला साडेसहा अंश. घरच्या तापमानातून तेवढं वजा करा आणि पहाटेसाठी आणखी एक थर घ्या. पाण्याजवळ निश्चल बसलेल्या माणसाला चालणाऱ्यापेक्षा खूप जास्त थंडी वाजते. बाकी यादी छोटी: दोन टॉर्च, त्यातल्या एकावर लाल जिलेटीन किंवा कापड. डासांचं मलम. थर्मास. बसायला जाड चादर, कारण दवाने काठावरची प्रत्येक गोष्ट ओली असते. मोज्यांचा जादा जोड. रोख पैसे, कारण नेटवर्क नसेल तर फोनवरून पैसे जाणार नाहीत. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि डोंगर लागण्यापूर्वी टाकी भरा. चांगले कपडे एकच जोड पुरे.

अंधार पडण्याआधी दीड-दोन तास पोहोचता येईल असं निघा. ही अख्ख्या लेखातली माझी सर्वांत आग्रहाची सूचना. एक तर डोंगरातला अनोळखी रस्ता काळोखात नको. दुसरं म्हणजे पहिली संध्याकाळ हातची जाऊ नये. चढणाऱ्या गाडीला वाट द्या, आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवून न बसता खालच्या गिअरमध्ये या, नाहीतर ब्रेक तापतात. ज्याला गाडी लागते त्याने पुढे बसावं, लांबवर नजर ठेवावी आणि फोन बघू नये. म्हणजे नकाशा बघायचं काम दुसऱ्याचं. पण दुसरा गाडी चालवतोय. म्हणून वाट आधीच पाठ करा.

पायरी पाचवी: पहिली संध्याकाळ

सामान खोलीत टाका आणि लगेच बाहेर पडा. पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणालात की गेलात.

डोंगराआड सूर्य जायला किती वेळ आहे ते बोटांनी मोजता येतं. हात पुढे ताठ करा, बोटं आडवी जुळवून सूर्य आणि डोंगराची कड यांच्यामध्ये धरा. प्रत्येक बोट म्हणजे ढोबळमानाने पंधरा मिनिटं. चार बोटं मावली तर तासभर आहे, मग काठाने फेरी मारून या. एकच बोट असेल तर आहे तिथेच बसा. (हे करताना सूर्याकडे टक लावून बघू नका.)

बसायचं ते पाण्याच्या शक्य तितकं जवळ आणि खाली. उंच गच्चीवरून पाण्याच्या पोटात दिसतं. नजर पाण्याला जवळजवळ समांतर आली की पृष्ठभाग आरशासारखा उजेड परतवतो. बाल्कनीतून जे नुसतं करडं दिसतं, त्यात दहा पावलं खाली उतरल्यावर पूर्ण डोंगर उमटलेला असतो. प्रतिबिंब खऱ्या डोंगराहून किंचित गडद असतं, तेही बघा.

दिवसा तापलेल्या उतारांवरून हवा वर चढते, म्हणून दुपारी तळ्यावर वारा असतो. उतार निवले की तो पडतो. कोमो तळ्यावर तर या वाऱ्यांना नावंच आहेत: सकाळी उत्तरेकडून वाहणारा तो तिवानो आणि दुपारी दक्षिणेकडून येणारी ती ब्रेवा. तुमच्या तळ्यावरही असं काही वेळापत्रक असणारच, होडीवाल्याला विचारलं की तो सांगेल. वारा पडल्यावर पाण्यावरच्या सुरकुत्या एकेका बाजूने मिटत जातात. आम्ही हे बघत अर्धा तास काही न बोलता बसलो होतो आणि नंतर दोघांनाही वाटलं की खूप बोलणं झालं.

सूर्य गेल्यावर लोक उठतात. तुम्ही उठू नका. रंग त्यानंतरच्या अर्ध्या तासात येतात, फक्त डासही त्याच वेळी येतात.

जेवणानंतर पुन्हा एकदा बाहेर. काळोखाला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि फोनचा पडदा एकदा उजळला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तो लाल टॉर्च, लाल उजेडाने डोळ्यांची ही सवय फारशी मोडत नाही.

पायरी सहावी: पहाट

गजर सूर्योदयाच्या ४० मिनिटं आधीचा. दोघांपैकी एकाला उठणं जिवावर येतं, हे गृहीत धरूनच चालते. आमच्याकडे तह असा आहे: दोन सकाळींपैकी एकच दोघांची. दुसऱ्या दिवशी ज्याला जायचं त्याने आवाज न करता जावं आणि परत येऊन वर्णन करून छळू नये. कपडे, टॉर्च, बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा. अंधारात चेन शोधण्यावरून झालेल्या भांडणाला काही उपाय नसतो.

उजेड फुटत असताना वारा बहुधा सर्वांत कमी असतो, पाणी सर्वांत निश्चल. धुकं असेल तर बहुधा ऊन चढेपर्यंतच टिकतं. ते इतकं दाट असलं की समोरचं पाणीही दिसत नाही, तर हिरमुसून परत फिरू नका, मागच्या पायवाटेने थोडं वर चढा. दरीतलं धुकं अनेकदा उथळ थरासारखं असतं, शंभरेक मीटर वर गेल्यावर तुम्ही त्याच्या वर निघता आणि खाली तळ्याच्या जागी पांढरा सपाट कापूस.

होडी घ्यायची तर याच वेळी. आदल्या संध्याकाळीच होडीवाल्याशी बोलून ठेवा.

पायरी सातवी: पाण्यातलं शहाणपण

इथे रोमँटिकपणा बाजूला. लाइफ जॅकेट अंगात, बकल लावून. मांडीवर ठेवलेलं जॅकेट जॅकेट नव्हे. होडीत खाली, मध्यभागी बसा आणि पाण्यावर असताना जागा बदलू नका. फोटोसाठी उभं राहणं तर नकोच.

डोंगरातलं पाणी वरून कोमट वाटलं तरी खाली गार असतं. १५ अंशांहून थंड पाण्यात अचानक पडलं की पहिला मिनिटभर श्वास आवरत नाही, धाप लागते, नाकातोंडात पाणी जातं. चांगले पोहणारेही यात फसतात. असं झालंच तर पोहण्याची धडपड न करता आधी पाठीवर तरंगा, होडीला धरा, श्वास ताळ्यावर येऊ द्या. धरणाच्या पाण्यात पोहू नये हे उत्तम: काठाला गाळ, तळ एकदम खोल, आणि पाणी कधी सोडतील याचा नेम नाही. पाण्यावर हिरवा, रंग सांडल्यासारखा थर दिसला तर पायही बुडवू नका, काही शेवाळांत विष असतं.

मेघगर्जना ऐकू आली की लगेच काठ गाठा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पाण्यावर जायचं नाही.

पायरी आठवी: दुपारचं काय करायचं

झोपा. मी गंमत करत नाहीये. पहाटे उठलेल्या माणसाला दुपारची झोप लागते आणि ती झाली की संध्याकाळ पुन्हा ताजी मिळते. तळ्याला पूर्ण फेरी मारण्याचा मोह टाळा. नकाशावर जे सरळ दिसतं, ते प्रत्यक्षात प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी आत वळून परत बाहेर येतं. एका दिशेला तासभर जा आणि आल्या वाटेने परत या. परतताना उजेड बदललेला असतो, वाट तीच राहत नाही.

पाऊस लागला तर वाईट वाटून घेऊ नका, खिडकीजवळ खुर्च्या ओढा. फक्त ओल्या उतारावरच्या पायवाटा आणि भरलेले ओढे टाळा.

आणि दोघांबद्दल थोडं. सरप्राइज हा प्रकार मला फारसा पटत नाही. गाव, तारीख, खोली दोघांनी मिळून निवडली की वाट बघण्याचा आनंदही दोघांचा होतो. तिथे गेल्यावर मात्र दिवस वाटून घ्या: शनिवार दुपारपर्यंत एकाचं राज्य, नंतर दुसऱ्याचं. ज्याचं राज्य नाही त्याने 'मला काहीही चालेल' म्हणायचं आणि खरंच चालवून घ्यायचं. फोन पूर्ण बंद ठेवणं बहुतेकांना जमत नाही, म्हणून दिवसातून एक ठरलेली वेळ ठेवा. घरातला एखादा अवघड विषय निघालाच तर तो चालताना निघू द्या. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि जीभ जरा मोकळी होते. फक्त पहिल्या संध्याकाळी नको.

पायरी नववी: परतणं

सगळं जग रविवारी चार-पाचला निघतं आणि डोंगर उतरताना एकमेकांना अडवतं. तुम्ही जेवून एकच्या सुमाराला निघा, तशीही ती तळ्याची वेळ नव्हेच. रजा मिळत असेल तर त्याहून बरं, रविवारची रात्र राहा आणि सोमवारी पहाटेचं पाणी बघून मग निघा. आपला कचरा पिशवीत बांधून सोबत न्या, छोट्या गावात तो टाकायला जागा नसते. चार्जर, थर्मास आणि पलंगाखालचे मोजे बघा.

त्या फसलेल्या सहलीनंतर दीड वर्षाने आम्ही त्याच खोलीत पुन्हा राहिलो. गजर मी लावला होता. जाग आली तेव्हा नवरा आधीच खिडकीशी उभा होता, अंगावर माझी शाल, आणि मागे न वळता हातानेच मला 'ये' म्हणत होता.